ग्रंथालयातून प्रयोगशाळेत : हाफकिन यांची बदली

आषाढात मोहाडी, तुमसर, साकोली या पट्ट्यात धानाची रोवणी सुरू झाली की सर्पदंशाची धास्तीही बांधाबांधावर येऊन बसते. अशा वेळी सरकारी दवाखान्यात जे प्रतिविष टोचले जाते, ते तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांमध्ये मुंबईच्या परळमधील हाफकिनचे नाव येते. पोलिओच्या दोन थेंबांमुळे तर हे नाव आरोग्यसेविकांच्या बोलण्यात रुळून गेले. मात्र हाफकिन हे मुळात एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस सर्पविषाचा किंवा पोलिओचा संशोधक नव्हता, हे अनेकांना ठाऊक नसते. तो डॉक्टरही नव्हता. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ असलेल्या या माणसाला जगातल्या सर्वांत नावाजलेल्या जिवाणू-संशोधन संस्थेत पहिली नोकरी मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. त्याच संस्थेत ग्रंथालयातून प्रयोगशाळेत झालेली त्यांची बदली पुढे लाखो भारतीयांच्या जिवाशी जोडली गेली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. 1879 मध्ये ते तिथल्या विद्यापीठात दाखल झाले आणि इल्या मेचनिकॉव्ह या प्राध्यापकांचे विद्यार्थी झाले. शरीरातल्या काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि त्यासाठी पुढे 1908 मध्ये नोबेल मिळवणारे ते हेच मेचनिकॉव्ह. त्यांच्या हाताखाली हाफकिन यांनी एकपेशीय जीवांचा अभ्यास सुरू केला. पाण्याच्या एका थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धावणारे हे जीव कसे खातात, कसे वाढतात, गुणधर्म पुढच्या पिढीला कसे देतात, हा त्यांचा विषय होता.

काळ मात्र अभ्यासाला पोषक नव्हता. 1881 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये होते. ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले.

वयाच्या 23 व्या वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात ते 1882 पासून नोकरी करत होते. तिथून विद्यापीठातली अध्यापकाची जागा ही स्वाभाविक पुढची पायरी होती. पात्रता होती, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध होते, पाठीशी नामवंत गुरू होते. पण ज्यू माणसाला ती जागा मिळणार नव्हती. धर्म बदलला असता तर वाट मोकळी झाली असती. हाफकिन यांनी तो बदलला नाही. 1888 पर्यंत ते संग्रहालयातच राहिले. माणूस त्याच आवारात वर्षानुवर्षे काम करतो, वरच्या जागेसाठी लागणारे सारे त्याच्याकडे असते, तरी दार उघडत नाही. हा अनुभव त्यांना तिशीच्या आत आला. दार बंद ठेवणाऱ्यांना त्यांच्या कामात काही खोट सापडली होती असेही नाही.

1888 मध्ये त्यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे साहाय्यक म्हणून शिकवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लुई पाश्चर यांनी काढलेल्या लशीमुळे जगभरातून देणग्या आल्या होत्या आणि त्यातून ही संस्था उभी राहिली होती. मेचनिकॉव्हही रशिया सोडून तिथे आले होते. 1889 मध्ये हाफकिन गुरूंकडे पोहोचले. प्रयोगशाळेत जागा नव्हती. रिकामी होती ती फक्त साहाय्यक ग्रंथपालाची जागा. त्यांनी ती घेतली.

डॉक्टरेट झालेल्या, स्वतःचे शोधनिबंध असलेल्या संशोधकाने पुस्तके आणि नियतकालिके सांभाळायची, ही गोष्ट आजच्या हिशेबानेही पायरी उतरण्याची वाटेल. पण त्या इमारतीत असण्याचा एक फायदा होता. जिवाणूशास्त्र तेव्हा ताजे विज्ञान होते आणि त्या काळातले काही सर्वोत्तम प्रयोग तिथे, काही पावलांवर, चालू होते. ग्रंथालयाचे काम आटोपले की हाफकिन प्रयोगशाळेकडे वळत. त्यांनी आपला जुनाच विषय धरला : एकपेशीय जीवांना होणारे संसर्ग. माणसाला जंतूंची लागण होते तशी पॅरामेशियमसारख्या सूक्ष्म जीवालाही होते. त्या लढाईत कोण जिंकतो आणि का, हे पाहता पाहता ते मोठ्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर आले. शरीर जंतूला तोंड द्यायला शिकते कसे, आणि ते त्याला आधीच शिकवता येईल का?

1890 मध्ये संधी आली. पाश्चर यांचे उजवे हात मानले जाणारे एमिल रू संस्थेत जिवाणूशास्त्राचा प्रात्यक्षिक वर्ग चालवत. त्यांचे साहाय्यक अलेक्सांद्र येर्सिन हे अचानक संस्था सोडून जहाजावरचे डॉक्टर म्हणून इंडोचायनाकडे निघून गेले. रू यांना नवा साहाय्यक हवा होता. हाफकिन यांचे प्रयोगशाळेतले काम तिथल्या लोकांनी वर्षभर पाहिलेले होते. ग्रंथालयातले हाफकिन येर्सिन यांच्या जागी आले.

पुढे काय घडले ते पाहिले तर या अदलाबदलीला जवळजवळ कथेची कलाटणी आहे. जागा रिकामी करून गेलेल्या येर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगचा जिवाणू शोधून काढला. आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर आलेल्या हाफकिन यांनी तीन वर्षांनी त्याच जिवाणूवर मुंबईत लस तयार केली.

पण आधी पटकी. कॉलऱ्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी 1883-84 मध्ये इजिप्त आणि कोलकात्यात ओळखला होता. स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी 1885 मध्ये लस टोचून पाहिली होती, पण तिच्यावर वाद झाले होते. हाफकिन यांच्यापुढची अडचण तांत्रिक होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंची ताकद कधी कमी, कधी जास्त भरे. अशा मालापासून लस बनवली तर तिची मात्रा ठरवायची कशी? त्यांनी जिवाणू गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत एकामागून एक अशा 39 फेऱ्यांमध्ये वाढवले आणि त्यांची तीव्रता वाढवून एका ठराविक पातळीवर आणली. दुसरीकडे हवेच्या झोतात, अधिक तापमानाला वाढवून त्यांनी सौम्य जिवाणूही तयार केले. आधी सौम्य टोचायचे आणि काही दिवसांनी तीव्र, अशी ही दोन टप्प्यांची पद्धत होती. सौम्य जंतू शरीराला शत्रूची ओळख करून देतो आणि तीव्र जंतू ती ओळख पक्की करतो. आजही अनेक लशींचे दुसरे मात्रण याच कारणासाठी दिले जाते.

18 जुलै 1892 रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, पण धोका झाला नाही. नंतर काही मित्रांनीही ती घेतली. त्याच महिन्यात त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेपुढे हे काम मांडले. लस निरुपद्रवी आहे हे यातून दिसले. ती रोग टाळते का, हे मात्र जिथे पटकी आहे तिथे जाऊनच कळणार होते. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय. त्यांच्या मदतीने भारताची वाट मोकळी झाली आणि मार्च 1893 मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले.

पुढची दोन-अडीच वर्षे त्यांनी उत्तर भारतात लष्करी छावण्या, तुरुंग, चहाचे मळे आणि वस्त्या पालथ्या घातल्या. सुमारे 42,000 लोकांना लस टोचली. 1894 मध्ये कोलकात्याच्या कत्तल बागान या वस्तीत सुमारे 200 लोकांपैकी 116 जणांनी लस घेतली. नंतर तिथे पटकीचे जे 10 रुग्ण झाले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. त्यांतले 7 दगावले. एकच पाणी, एकच हवा, एकाच प्रकारची घरे, आणि फरक फक्त लशीचा. अशी शेजारी-शेजारी तुलना करूनच औषधाची पारख होते, याचा आग्रह हाफकिन यांनी पुढेही धरला. या धावपळीत त्यांना मलेरियाने गाठले आणि 1895 मध्ये विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. बरे वाटताच ते कोलकात्याला परतले.

23 सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाला झालेला आजार प्लेग असल्याचे निदान केले. थोड्याच दिवसांत शहर रिकामे होऊ लागले. गिरण्या ओस पडल्या, आगगाड्या भरभरून कोकणात आणि घाटावर जाऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही निघाला. सरकारने घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलवणे, सामान जाळणे सुरू केले. ऑक्टोबरमध्ये संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. सव्वाशे वर्षांनी कोविडच्या काळात पुन्हा वापरला गेला तो हाच. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी निधन झाले. त्याच वर्षी 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राच्या आठवणीत प्लेग राहिला आहे तो या दोन टोकांमध्ये.

ऑक्टोबर 1896 च्या पहिल्याच आठवड्यात हाफकिन यांना कोलकात्याहून मुंबईला बोलावण्यात आले होते. नोकरी त्याच सरकारची, पण काम वेगळे. पटकीचा जाणकार माणूस प्लेगसाठी नेमला गेला. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि ओसरी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. काम इतके जीवघेणे होते की एका साहाय्यकाचे मानसिक आरोग्य ढासळले आणि दोघांनी नोकरी सोडली. हाफकिन मात्र थांबले नाहीत.

पटकीची लस जिवंत जिवाणूंची होती. प्लेगसाठी त्यांनी वेगळा रस्ता धरला : जिवाणू मारून टाकायचे आणि मेलेलेच टोचायचे. मांसाच्या अर्कात त्यांनी प्लेगचे जिवाणू वाढवायला घेतले आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. शांत ठेवलेल्या भांड्यात जिवाणू त्या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या लोलकांसारखे खाली उतरत. भांडे हलवले की लोलक तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. इतर जंतू असे वाढत नाहीत, त्यामुळे भांड्यात भेसळ झाली आहे की नाही हेही यावरून ओळखता येई. काही आठवड्यांनी हा अर्क तासभर गरम करून जिवाणू मारत आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालत. मेलेला जिवाणू रोग देऊ शकत नाही, पण त्याचे शरीर आणि त्याने सोडलेले पदार्थ आपल्या प्रतिकारशक्तीला ओळख पटवायला पुरतात. पुढे खरा जंतू आला तर त्याच्याविरुद्धची तयारी आधीच झालेली असते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. सशांवर चाचणी झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर लोकांसाठी ठरलेल्या मात्रेच्या सुमारे चौपट. त्यांना सडकून ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जवळपास निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. बाकीचे तसेच राहिले. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये प्लेगचे रुग्ण आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त आढळले. कैद्यांची संमती खरोखर किती मोकळी असते, हा प्रश्न आज विचारला जाईल आणि विचारायलाच हवा. पण तुलना करून पाहिल्याशिवाय औषध खरे मानायचे नाही, ही शिस्त त्या काळी नवी होती.

लस सर्वांना वाचवत नव्हती, आणि हाफकिन यांनी तसा दावाही केला नाही. प्लेग आयोगाने नंतर आकडे तपासले तेव्हा लशीने रोगाचे प्रमाण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, पण संरक्षण पूर्ण नाही, असा निष्कर्ष निघाला. लोकांच्या मनात शंका होत्या, अफवा होत्या. सरकारच्या झडत्यांनी दुखावलेला माणूस सरकारी सुईवर विश्वास कसा ठेवणार? अशा वेळी समाजातल्या मान्यवरांनी पुढे येणे उपयोगी पडले. आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. त्यांच्या खोजा समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली. 1897 मध्ये ब्रिटिश सरकारने हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब दिला.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. या वास्तूचा इतिहास विलक्षण आहे. 1882 मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावाने पुण्याचे महाविद्यालय आहे, यांच्या पत्नीचे इथे पटकीने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरांनी ही जागा सोडली आणि मलबार हिलला मुक्काम हलवला. रोगाने रिकामे केलेले ते घर रोगाशी लढणाऱ्यांच्या हाती आले. दहा वर्षांपूर्वी पॅरिसच्या ग्रंथालयात रुजू झालेले हाफकिन आता या संस्थेचे प्रमुख होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारतातल्या सरकारी आरोग्य सेवेवर इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी डॉक्टरांचा ताबा होता. हाफकिन त्या सेवेतले नव्हते. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. ते रशियातून आलेले ज्यू होते. त्यांची जागा मोठी होती, पण ती मुळे नसलेल्या झाडासारखी होती. सगळे सुरळीत असेतो ते कोणाला खटकले तरी चालण्यासारखे होते. एक वादळ आले आणि ते उघडे पडले.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुल्कोवाल या गावात 107 लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटली परळची होती. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी अलीकडेच पद्धत बदलली होती. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करायचे, ही पाश्चर संस्थेतही वापरात असलेली पद्धत त्यांनी घेतली होती. चौकशी समितीचा संशय तिथेच गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स समितीचे अध्यक्ष होते. दोष प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि 1904 मध्ये ते लंडनला परतले.

त्यांच्यासाठी ही केवळ नोकरी गमावण्याची बाब नव्हती. 19 माणसे मेली होती, आणि ती आपल्या हलगर्जीपणामुळे मेली असा ठपका घेऊन त्यांना जगायचे होते. शिवाय लशीवरचा लोकांचा विश्वास डळमळला होता, आणि प्लेग तर भारतात दरवर्षी लाखो बळी घेत होता. लशीवर खोटा डाग राहिला तर त्याची किंमत गावोगावच्या लोकांना चुकवावी लागणार होती.

पुढची काही वर्षे त्यांनी कागदपत्रांशी झुंज दिली. गावातल्या त्या दिवसाचा तपशील हळूहळू पुढे आला. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. परळहून येतानाच बाटलीत जंतू असते तर इतक्या दिवसांत ते भरपूर वाढून लशीला घाण वास आला असता, आणि रुग्णांमध्ये लक्षणेही लवकर दिसली असती. त्याच तुकडीतल्या इतर बाटल्यांनी कोणालाही अपाय केला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे सिद्ध करून 1902 मध्ये नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस हे हाफकिन यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. 1907 मध्ये नामवंत शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन वृत्तपत्रातून त्यांच्या निर्दोषत्वाचा आग्रह धरला. त्या वर्षाच्या अखेरीस ठपका दूर झाला आणि त्यांना पुन्हा भारतात काम करण्यास बोलावण्यात आले.

ते आले. पण परळची त्यांची जागा भरली गेली होती. तिथे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी डब्ल्यू. बी. बॅनरमन संचालक होते. हाफकिन यांना कोलकात्याला पाठवण्यात आले. तिथे लस बनवण्याची सोय नव्हती आणि माणसांवर चाचण्या करण्याची मोकळीकही नव्हती. नाव निष्कलंक झाले, पण ज्या कामासाठी ते नाव होते ते काम हाती परत आले नाही. सेवा संपेपर्यंत ते तिथेच राहिले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात निवृत्त होऊन युरोपात परतले.

मुल्कोवालचा धडा मात्र वाया गेला नाही. लस कितीही शुद्ध असली तरी ती शेवटच्या हातापर्यंत शुद्ध पोहोचली पाहिजे, हे त्या दुर्घटनेने शिकवले. आज गावातल्या लसीकरण सत्रात आरोग्यसेविका बाटली उघडल्याची तारीख आणि वेळ तिच्यावर लिहिते, तुकडीचा क्रमांक नोंदवते, एकदाच वापरता येणारी सिरिंज काढते आणि ती वापरून झाल्यावर फेकते. कोणाला हा सोपस्कार वाटेल. पण 19 जणांचे जीव एका पडलेल्या चिमट्यावर गेले होते हे माहीत असले की त्या नोंदीचा अर्थ कळतो. आपल्या बाळाला लस टोचताना सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, हे पाहण्याचा प्रत्येक आईबापाला हक्क आहे.

परळची प्रयोगशाळा हाफकिन यांच्याविना वाढत राहिली. प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो, हा पॉल-लुई सिमोन यांनी 1898 मध्ये कराचीत मांडलेला निष्कर्ष पक्का करण्याचे मोठे काम 1905 नंतर याच आवारात झाले. 1906 मध्ये संस्थेचे नाव बदलून मुंबई जिवाणूशास्त्र प्रयोगशाळा झाले. आणि 1925 मध्ये ते हाफकिन संस्था असे ठेवण्यात आले. 1897 ते 1925 या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. ज्या घरात त्यांना परत येता आले नाही, त्या घराच्या दारावर त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव लागले.

हाफकिन यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते धर्माकडे अधिक वळले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. 1964 मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या आयुष्यात एकाच संस्थेच्या आत जागा बदलण्याचे तीन प्रसंग आले. ओडेसात पात्रता असूनही धर्माच्या कारणाने दार बंद राहिले. परळला परतताना निर्दोष ठरूनही जागा मिळाली नाही. फक्त पॅरिसमध्ये दार उघडले. तिथेही ते उघडण्याला दोन कारणे होती. एक तर कोणीतरी जागा सोडून गेले, आणि दुसरे म्हणजे ती जागा रिकामी होण्याआधीच हाफकिन ते काम करू लागले होते. पहिले कारण नशिबाचे, दुसरे त्यांचे स्वतःचे. ग्रंथालयाच्या टेबलाशी बसून जागा रिकामी होण्याची वाट पाहिली असती, तर रू यांनी कदाचित दुसऱ्याच कोणाला हाक मारली असती. तसे झाले असते तर 1896 च्या ऑक्टोबरात मुंबईला बोलवायला सरकारकडे असा माणूस नसता, आणि भायखळ्याच्या त्या खोलीत तुपाच्या थेंबांना लोंबणारे ते लोलक कदाचित कोणी पाहिलेच नसते.